तोकिओदादाची बंडी

आमच्या नियोदो नदीचा निळा रंग बघायला लोक कुठून कुठून येतात. काठावर उभं राहून "काय नितळ पाणी आहे हो!" म्हणतात. माझं डोकं फिरतं. याच पाण्याने माझा थोरला भाऊ तोकिओ चौतिसाव्या वर्षी नेला. तळाचा खडा न् खडा दिसतो, म्हणून डोह गुडघाभर वाटतो. असतो दोन पुरुष खोल.

तेव्हा सुमिएवहिनी तान्ह्या कानामेला घेऊन ओसाकाला माहेरी गेली. ती दोघं यंदा ओबोनला पहिल्यांदाच परत आली. ओबोनच्या दिवसांत मेलेली माणसं घरी येतात, म्हणून सगळेच गावाकडे येतात. कानामे आता चौतीसचा. तोंडवळा हुबेहूब दादाचा.

सकाळी म्हणाला, "काका, बाबा गेले ती जागा दाखवा ना."

"ओबोनात पाण्याशी जायचं नसतं. मेलेले पाय ओढतात."

"काय काका, तुम्ही पण!"

"हस लेका, हस. सण उलटला की नेतो. आज आईबरोबर डोंगरावर बाबांच्या अस्थी आहेत त्या थडग्याला जाऊन ये."

उदबत्त्या आणि काड्यापेटी ठेवायला खिसे हवेत, म्हणून दादाची मासे धरायला जातानाची बंडी मीच त्याच्या अंगात घातली. डोहाच्या खोलीचं सांगायचं राहून गेलं.

दुपारी मी बिनकठड्याच्या पुलावरून घरी येत होतो. दरीत झाडी दाट, पण डोहावर ऊन पडलं होतं. पाण्याखाली दादा होता. तोच चेहरा, तीच ठिगळाची बंडी. डोळे उघडे, एक हात माझ्याकडे वर केलेला.

संशय कसा आला नाही? तेहेतीस वर्षं वाट बघणाऱ्याला येत नाही.

"दादा, आलास का रे?" मी हात जोडून डोळे मिटले. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाणार होतो, पण झोपून राहिलो होतो. तेवढी एक माफी मागायची होती, ती मागितली. खूप वेळ बोललो. डोळे उघडले तेव्हा हात खाली गेला होता. वाटलं, माफ केलं त्याने.

घरी वहिनी नूडल्सच्या वाडग्यावर झाकण ठेवत होती.

"वहिनी, दादा दिसला! डोहात. बंडी घालून, हात वर करून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर नव्हता, बाहीनेच पुसलं. मग हात थांबला.

"भावोजी, कानामे अजून आला नाही. थडग्यावरून मला पुढे पाठवलं त्याने. डोह लांबूनच बघतो म्हणाला."

मी धावलो. पुलावरूनच सगळं दिसत होतं.

त्याला जाळून आलो त्या संध्याकाळी वहिनीने एकच विचारलं, "भावोजी, तुम्ही बघितलात तेव्हा तो हात हलत होता?"

"नाही," मी म्हणालो.

हलत होता.