घरात किती काडतुसं असावीत

धोंडिराम परबच्या घरी काडतुसं दोन होती, आणि एकोणीस वर्षं हा आकडा कुणाला कमी वाटला नव्हता. तो कमी आहे असा शोध हर्षदशेटना लागला. त्यासाठी त्यांना आधी परदेशात जाऊन दोन वर्षं व्यवस्थापन शिकून यावं लागलं.

हर्षदशेट म्हणजे घाटकोपरच्या ज्या सोन्याचांदीच्या पेढीच्या दारात धोंडिराम बंदूक घेऊन उभा राहायचा, तिच्या मालकांचे चिरंजीव. पेढी हातात आल्यावर त्यांनी आधी दिवे बदलले, मग गादीवरची माणसं खुर्चीवर बसवली आणि मग त्यांची नजर दारावर गेली. दारावर धोंडिराम होता. वय एकोणसाठ, मिशा भरघोस, खांद्याला स्वतःच्या परवान्याची बारा बोरची बंदूक आणि कमरेला काडतुसांचा पट्टा. पट्ट्यात पंचवीस घरं होती आणि पंचविसांत वारा खेळत होता.

"काका, समोरच्या पेढीचा गनमॅन बघा. फुल पट्टा. कस्टमरला फील यायला पाहिजे ना," हर्षदशेट म्हणाले. "तुमच्या परवान्यावर किती अलाउड आहेत?"

"पंचवीस, शेट."

"मग पंचवीस आणा. दसऱ्याच्या आत. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. पर्सनल घेऊ नका."

धोंडिरामने पर्सनल घेतलं नाही. फक्त एकोणसाठाव्या वर्षी आपल्याला दुसरी पेढी कोण देणार, हा विचार तो घरी जाईपर्यंत करत राहिला. मुलगा सुयोग अंधेरीत कंत्राटावर होता, म्हणजे दर सहा महिन्यांनी बेकार होता. घर चालत होतं ते त्या बंदुकीवर. आणि बंदूक परवानेवाल्याची असल्यामुळे ती रोज संध्याकाळी त्याच्यासोबत भटवाडीतल्या त्याच्या एका खोलीतच मुक्कामाला येई, आणि तिची काडतुसंही तिथेच असत.

रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं ओरपून झाल्यावर घरात बैठक बसली. विषय एकच, घरात काडतुसं किती ठेवायची. देशाच्या संरक्षणाचा निर्णयसुद्धा याहून कमी गांभीर्याने होत असेल.

सुयोगने मोबाइलवर हिशेब मांडला. "बाबा, लॉजिकली बघा. चोर किती धरायचे? चार. एकाला दोन गोळ्या म्हटल्या तर आठ. प्लस बफर. बारा खूप झाल्या."

"आणि ह्यांचो नेम?" धोंडिरामची बायको रुक्मिणी भांडी आवरता आवरता म्हणाली.

सुयोगने मोबाइल खाली ठेवला. धोंडिरामने शेवटचा बार काढला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. गावी भाताच्या शेतात रानडुक्कर शिरलं म्हणून त्याने मोठ्या ऐटीत नेम धरला होता. डुक्कर अजून दोन पावसाळे तिथेच चरलं आणि चुलतभाऊ लवूच्या पाण्याच्या टाकीला मात्र तेरा भोकं पडली. हा इतिहास जमेस धरला तर बारा काय, बाराशेसुद्धा अपुऱ्या होत्या.

"पंचवीस आणूया," धोंडिराम घसा खाकरून म्हणाला. "परवानगी आहे ना. कायद्याने दिलीय ना."

"आणि खंय ठेवतलात?" रुक्मिणीने विचारलं. "हय माणसांक पाय पसरूक जागा नाय."

मग जागेचा शोध सुरू झाला. पोटमाळ्यावर उंदीर. तांदळाच्या डब्यात म्हणावं तर तो रोज उघडायचा. देव्हाऱ्याखाली ठेवू म्हणताच सुनेने डोळे वटारले. कपाटातला लॉकर होता, पण त्यात सध्याच्या दोन काडतुसांच्या सोबतीला घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, लाइट बिलं आणि सुयोगचा पाळण्यातला करदोटा होता. पंचवीस काडतुसं आली असती तर परब कुटुंबाला आपली ओळख बाहेर काढून ठेवावी लागली असती.

रुक्मिणी हसली नाही. जमिनीवर रांगणाऱ्या एका वर्षाच्या नातीला, जान्हवीला, तिने उचलून मांडीवर घेतलं. मागच्याच आठवड्यात त्या पोरीने टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून तोंडात घातला होता आणि रुक्मिणीने तो बोट घालून काढला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लहान वस्तूची तिला धास्ती वाटत होती. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "दोन असत तीच माका जड झाली हत. तिसरां हाडलात तर मी पोरीक घेऊन गावाक जातलंय."

म्हणजे पंचवीस आणली नाहीत तर नोकरी जाणार आणि आणली तर बायको जाणार. सुयोगने पुन्हा मोबाइल हातात घेतला, पण यावर त्यात काही सापडेना.

तोडगा शेवटी रुक्मिणीनेच काढला. लवूला फोन गेला. गावी पिकाच्या राखणीसाठी लवूची बंदूक वर्षभर वाजत असे आणि उडवलेल्या काडतुसांची लाल नळकांडी त्याने पोतंभर साठवली होती. त्यातली पंचवीस आंब्याच्या पेटीतून घाटकोपरला आली. रुक्मिणीने ती धुतली, वाळवली, वजनासाठी आत चिंचोके भरले, वर कापूस कोंबला आणि लाल मेणबत्ती वितळवून तोंडं बंद केली. बुडाच्या पितळेवर बार काढताना बंदुकीच्या खिळीने पडलेला खळगा होता, तो सुनेच्या सोनेरी नेलपॉलिशने बुजवला. पट्टा भरला तेव्हा धोंडिराम स्वतः दोन पावलं मागे सरकला.

दसऱ्याला पेढीत बंदुकीची पूजा झाली. चिंचोक्यांना हळदकुंकू वाहिलं गेलं. हर्षदशेटनी धोंडिरामचा फोटो काढून पेढीच्या जाहिरातीत टाकला आणि खाली लिहिलं, 'तुमचं सोनं, आमची जबाबदारी'. गिऱ्हाइकं कौतुकाने पट्ट्याकडे बघू लागली. एका बाईंनी तर, एवढ्या गोळ्या लहान मुलांसमोर बऱ्या दिसत नाहीत, अशी तक्रार केली. त्या दिवशी हर्षदशेट फार खूश होते.

असे अकरा महिने गेले. मग विमा कंपनीचा माणूस आला आणि त्याने धोंडिरामपुढे एक कागद ठेवला. पेढीच्या रखवालदाराकडे जिवंत काडतुसं पंचवीस, पैकी कामावर असताना जवळ पंचवीस, असं त्यावर छापून तयार होतं. फक्त सही हवी होती. धोंडिरामने चष्मा विसरलो म्हणून सांगितलं आणि कागद घरी आणला.

"सही केली आणि उद्या कुणी उघडून बघितलं, तर परवाना जाईल," तो रुक्मिणीला म्हणाला. "खरं सांगितलं तर नोकरी जाईल."

"खऱ्यान गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "खोट्यान गेली तर तुरुंगात डबो कोण घेऊन येतलो?"

दुसऱ्या दिवशी पेढी उघडायच्या आधी त्याने हर्षदशेटना सगळं सांगितलं. पट्ट्यात चिंचोके आहेत. खरी दोनच आहेत आणि ती घरी कपाटात आहेत. बंदुकीत काही नाही, कधीच नव्हतं. बायकामुलांच्या गर्दीत भरलेली बंदूक घेऊन उभं राहायला त्याचा जीव धजत नसे. थोडक्यात, एकोणीस वर्षं पेढीचं रक्षण भटवाडीतल्या एका कुलूपबंद कपाटातून चालू होतं.

हर्षदशेट चिडतील, ओरडतील, अशी धोंडिरामने मनाची तयारी केली होती. हर्षदशेट चिडले नाहीत. त्यांनी एक काडतूस हातात घेऊन हलवून बघितलं.

"अकरा महिने कुणाला कळलं नाही?"

"नाही, शेट."

"मलाही नाही," हर्षदशेट म्हणाले आणि विचारात पडले. परदेशात शिकलेलं बहुधा त्याच क्षणी कामाला आलं.

महिनाअखेर धोंडिरामला शाल आणि नारळ मिळाला. विम्याच्या कागदासाठी हर्षदशेटनी आत मागच्या बाजूला खरा परवानेवाला माणूस नेमला. तो खुर्चीवर बसून असे. दारात कांदिवलीचा एक पिळदार तरुण उभा राहिला, हातात सिनेमावाल्यांना सामान पुरवणाऱ्याकडून आणलेली लाकडी बंदूक. तो धोंडिरामपेक्षा कितीतरी भीतिदायक दिसत होता. एवढी वर्षं लोक आपल्याला भीत होते असा धोंडिरामचा समज होता. तो समज गेल्याचं त्याला नोकरी गेल्याहून जास्त लागलं.

निघताना हर्षदशेटनी त्याला थांबवलं. "काका, पट्टा राहू द्या. आणि काकूंना विचारा, अजून शंभर करून देतील का? मुलुंड आणि बोरिवलीला ब्रँच उघडतोय. पीसवर रेट देऊ."

धोंडिराम घरी आला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. रुक्मिणी नाही म्हणेल अशी त्याला आशा होती. तिने नाही म्हटलं नाही. सुयोगचं कंत्राट त्याच आठवड्यात संपलं होतं.

धोंडिरामने खरी दोन काडतुसं आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि तो परत आला. तोवर लवूचं पोतं येऊन पडलं होतं. खोलीभर लाल नळकांडी पसरली होती आणि त्यांच्या मधोमध जान्हवी मेणाने बंद केलेलं एक हातात घेऊन खुळखुळ्यासारखं वाजवत होती. कुणी तिच्या हातातून ते काढून घेत नव्हतं. ज्या घरात तिसरं काडतूस मावत नव्हतं, त्या घरात आता शंभर होती आणि रुक्मिणी निवांत होती.

"बसा," ती म्हणाली. "कापूस तुमी भरा. माझी बोटां दुखतत."

तो दारातच उभा राहिला. एकोणीस वर्षं दारात उभं राहायची सवय होती. मग त्याने चपला काढल्या, रुक्मिणीशेजारी मांडी घातली आणि पहिलं नळकांडं उचललं. डोळे भरून आल्यामुळे त्याला नळकांड्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते नीट दिसेना. रुक्मिणीने त्याच्या हातातलं नळकांडं फिरवून सरळ केलं आणि कापसाचा डबा त्याच्या पुढे सरकवला.