मागचं दाखवायचा आरसा

“थांबा, थांबा जरा,” काकू म्हणाल्या.

तात्यांनी चाकांची खुर्ची फाटकापाशीच थांबवली. खुबा मोडल्यामुळे महिनाभर दवाखान्यात काढून काकू आज घरी आल्या होत्या. कुंपणाकडेचा त्यांचा फुलांचा वाफा खणून सपाट केला होता. त्यात काडीसुद्धा उरली नव्हती.

“कसा केलाय?” तात्यांनी विचारलं. चाळीस वर्षं सलून चालवत आलेला माणूस. पिंजारलेलं काही त्यांना बघवत नसे. “त्या वाळक्या झिपऱ्या पार काढून टाकल्या. तू येणार म्हणून.”

“चकाचक केलात हो,” एवढंच काकू म्हणाल्या.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना लेकीने हळूच सांगितलं, “बाबा, ती आईच्या निळ्या फुलांची, कॉर्नफ्लॉवरची रोपं होती. बाकीची फुलं कोमेजली की आई लगेच खुडते, म्हणजे नवी येतात. शेवटची चार रोपं मात्र मुद्दाम वाळू देते. बियांसाठी.”

“जुनं बी असेल की डबीत.”

“डबी रिकामी आहे. दरवर्षी सगळं पेरून टाकते ती. इतकी वर्षं एका घरात राहून ठाऊक नाही तुम्हाला?”

“मला वाटायचं, तिचं काढायचं राहून गेलंय,” तात्या म्हणाले.

थंडीच्या तोंडाशी त्यांनी रोपवाटिकेतून कॉर्नफ्लॉवरच्या बियांचं एक पाकीट आणलं आणि घमेलंभर खत घालून पेरलं. रोपं कमरेएवढी झाली, आडवी पडली आणि त्यांना फिकट गुलाबी फुलं आली. पाहुण्यांच्या मुलाचं चित्र बघून म्हणावं तसं काकू म्हणाल्या, “छान आहेत.” वाफ्याकडची खिडकी मात्र त्या उघडायला सांगेनाशा झाल्या.

सलूनच्या मागे एक खड्डा होता. झाडून काढलेले केस तात्या तिथे टाकत. एका सकाळी सुपली रिकामी करायला गेले आणि तसेच उभे राहिले. खड्ड्याच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्यात, राखी-हिरव्या बारीक पानांत निळी फुलं उभी होती. वाफ्यातल्या झिपऱ्या पोत्यात भरून त्यांनी इथेच आणून टाकल्या होत्या.

दाढीला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक आतून ओरडलं, “तात्या, साबण वाळला! आता काय खरवडणार का?”

दुपारी ते धापा टाकत घरी आले. “तुझी निळी उगवलीत! दुकानामागे, केसांच्या ढिगाशी. उद्याच खणून आणतो.”

“हात लावू नका!” काकू किती तरी महिन्यांनी एवढ्या मोठ्याने बोलल्या. “मूळ हललं की संपलं. आणि केस वर पडले म्हणूनच उगवली ती. त्या बियांना अंधार लागतो. खताचा तर सोस नसतोच. उपाशी ठेवावं लागतं.”

“मग मी उपाशी असतो तेव्हा का नाही फुलत?”

काकू हसल्या. “मला न्या तिकडे.”

दुसऱ्या दिवशी ‘दुकान तासभर बंद’ अशी पाटी लावून तात्यांनी आणि लेकीने त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. तात्यांनी सवयीने त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापडही बांधलं.

“हे कशाला?”

“राहू दे. शोभतंय.”

त्यांनी खुर्ची मागच्या दाराकडे फिरवली. पण फुलं भिंतीआड, दोन पायऱ्या खाली होती आणि चाकांची खुर्ची त्या अरुंद दारातून जात नव्हती. काकूंनी मान लांब केली. पुन्हा केली. मग त्या मागे टेकल्या.

“असू दे. आहेत ना, झालं.”

तात्यांनी फळीवरून हातातला आरसा उचलला. केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचा तो. ते पायरीवर उतरले आणि त्यांनी आरसा कोपऱ्याकडे तिरका धरला.

“दिसतंय?”

“तुमचा गुडघा दिसतोय. खाली घ्या. अजून. आता डावीकडे...” काकू थांबल्या. “हां.”

आरशाकडे बोट करून त्या एकेक फूल मोजू लागल्या.

“अकरा आहेत,” काकू म्हणाल्या. “मधलं कोमेजलंय, ते नंतर खुडा. आणि भिंतीजवळची चार रोपं...”

“वाळू द्यायची. माहीत आहे.”

पुढच्या दारावर नेहमीचं गिऱ्हाईक थापा मारू लागलं. तात्यांचा खांदा भरून आला होता. त्यांनी दुसरा हात मनगटाखाली दिला, आणि आरसा हलू दिला नाही.