शेवटून दुसरा

“कुदळ कंदावर घालताय न्हवं! बघा तरी खाली!” शोशाम्मा बांधावरून ओरडली.

इट्टूपनं खाली पाहिलं. कप्प्याचा, म्हणजे साबुकंदाचा, हातभर लांब कंद मधोमध चिरला होता आणि त्याच्या पांढऱ्या गराला लाल माती चिकटली होती. सकाळपासून हा चौथा. इट्टूपला त्याचं वाईटही वाटलं नाही आणि बायकोचा रागही आला नाही. मुलगा गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नसे. भूकसुद्धा शोशाम्मानं सांगितल्यावरच लागायची.

सिबी सव्वीस वर्षांचा होता, लग्न ठरलेला. पहाटे रबराचा चीक काढायला निघाला आणि शेजारच्या कुरुविळाच्या शेताच्या कडेनं जाताना तारेला चिकटला. रानडुकरं कप्पा उकरतात म्हणून कुरुविळानं तारेत वीज सोडली होती. तो तुरुंगात गेला, शिक्षा भोगून आला, आणि कुणाच्या नजरेला नजर नको म्हणून चर्चमध्ये अगदी दाराशी उभा राहू लागला.

पंचाईत तिथंच झाली. कारण दाराजवळचा शेवटचा माणूस तोवर इट्टूप होता. प्रार्थनेच्या मध्यावर अच्चन, म्हणजे पाद्री, वेदीपाशी देवाची शांती देतात आणि ती हातातून हातात मागं येते. पुढचा वळून तुमचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतो, मग तुम्ही मागच्याकडं वळायचं. गेले सहा रविवार शांती इट्टूपपर्यंत यायची आणि तिथंच खुंटायची. मागं कुरुविळा हात जोडून तसाच उभा.

“सारं गाव बघतंय,” शोशाम्मा म्हणाली. “अच्चनसुदिक इच्यारत हुते. परवापास्नं ईस्टरचं उपास लागत्यात. त्याआधी तरी वळा.”

“तू त्याच्या बायकूला दिलीस?”

“दिली. घरी यिऊन वकले. पर दिली.”

“माज्याच्यानं न्हाई हुत.”

“त्यानं काय जाणून मारलं व्हय?”

इट्टूप कुदळ टाकून वाफ्यातच बसला. तो चिरलेल्या कंदाची माती बोटानं काढत राहिला.

“मीबी तारंत लाईट सोडायचो,” तो म्हणाला. “तू बाळंतपणाला म्हायेरी हुतीस तवा. एकदा सकाळी बघतो तर तुजा भाऊ पिऊन तारंवर आडवा. हाक मारली तर हसत उठला. रातभर लाईट गेल्ती म्हून.”

शोशाम्मा बांधावरून उतरून त्याच्यासमोर आली. “माजा थोमा? आन् मला आज सांगताय?”

“त्याच दिशी तार काढली. कुणालाच न्हाई सांगितलं. अच्चनलाबी न्हाई.”

शिव्या देईल असं त्याला वाटलं, पण तिनं चिरलेले कंद पाटीत भरायला घेतले.

“तुमाला देवानं सोडलं,” ती शेवटी म्हणाली. “मग त्याला कुणी सोडायचं?”

इट्टूपनं उठून पाटी तिच्या डोक्यावर चढवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शांती नेहमीसारखी पुढून आली. पुढं उभ्या असलेल्या शाळामास्तरांनी इट्टूपचे हात धरले आणि लगेच तोंड फिरवलं. पुढचा तमाशा त्यांना पाहायचा नव्हता. इट्टूप वळला.

कुरुविळा वाळून अर्धा झाला होता. इट्टूपनं त्याचे जोडलेले हात धरले, तशी त्यानं उलट इट्टूपचीच मनगटं पकडली आणि सोडीना. “इट्टूपचेट्टा,” थोरल्या भावाला हाक मारावी तसं एवढंच म्हणाला आणि भर चर्चमध्ये हुंदके देऊ लागला. बायकांच्या बाजूलाही नाकं ओढल्याचे आवाज आले. इट्टूप मात्र कोरडा ठणठणीत. त्याला ना सिबी आठवला, ना देव. गुडघे दुखत होते तेवढं कळत होतं. कुरुविळाचं रडून होईपर्यंत तो थांबला.

घराकडचा उतार उतरताना शोशाम्मानं विचारलं, “काय वाटलं?”

“काय न्हाई.”

“उलुसंबी न्हाई? मग दिली कशी?”

“ती माजी कुटं हुती?” इट्टूप म्हणाला. “म्होरनं आल्ती, मागं दिली.”