क्रांतीची फाईल

फाईल गेली हे जोतीरामला कळलं ते माघातल्या एका बुधवारी, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीसमोर उभं असताना.

त्याआधी दोन दिवस तो घर पालथं घालत होता. त्याची लेक क्रांती मिरजेच्या पुढं आरगेला दिली होती. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि आठवा लागला होता. सोमवारी तिचा फोन आला.

"आप्पा, माझ्या पयल्या बाळंतपणाची फाईल तिकडंच हाय. आईनं ठिवलेली. तेवढी घिऊन या, डॉक्टरबाईंनी मागितलीया."

"आणतो की," जोतीराम म्हणाला.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं होतं. चार वर्षांपूर्वी रहिमतपुरातल्या एका लहान दवाखान्यात क्रांतीचं सीझर झालं आणि शिवांजली जन्माला आली. तीन महिन्यांनी क्रांती पोरीला घेऊन सासरी गेली, फाईल बनूकडंच राहिली. बनू म्हणजे जोतीरामची बायको. घरातला कागद न् कागद तिच्या ताब्यात असायचा. रेशन कार्ड कुठल्या डब्यात असतं हेसुद्धा जोतीरामला माहीत नव्हतं. तो ओसरीवरून हाक मारायचा आणि कागद हातात यायचा. भाद्रपदात बनू वारली. तेव्हापासून हाक मारायची सवय तेवढी राहिली होती.

त्यानं कपाट बघितलं, ट्रंक बघितली, पिठाच्या डब्यांमागं हात घातला, अंथरुणांच्या घड्या उलगडल्या. फाईल कुठंच नव्हती. बुधवारी सकाळी लाईट आली म्हणून तो उसाला पाणी सोडायला विहिरीवर गेला. मोटरचे कागद भिजू नयेत म्हणून त्यानंच ते एका निळ्या प्लास्टिकच्या कव्हरात घालून पेटीत ठेवली होती. पेटी उघडताना कव्हर खाली पडलं आणि उलटं झालं. मागच्या बाजूला पांढरी चिठ्ठी होती. वर दवाखान्याचं नाव, खाली तारीख, त्याच्या खाली लिहिलं होतं, 'क्रांती, वय २३'.

जोतीरामनं कव्हर उघडून बघितलं, आत मोटरचेच कागद होते.

बनूच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. साताऱ्यात अकरा दिवस ती दवाखान्यात होती आणि अकरा दिवसांत एकदाही डोळे उघडून बोलली नाही. तिथून आणलेले कागद त्यानं तिच्याच कापडी पिशवीत कोंबले होते. ती पिशवी माजघरातल्या खुंटीवर लटकत असायची आणि येता-जाता त्याच्या डोळ्यापुढं यायची. ती गेल्याच्या बाराव्या दिवशी त्याची चुलती म्हणाली, "दवाखान्याचं कागुद घरात ठिवू नगं रं जोती. दुखणं मागं ऱ्हातं." दुसऱ्या दिवशी तेराव्याला आलेल्या पाव्हण्यांच्या अंघोळीसाठी तो पहाटेपासून बंबाजवळ बसला होता. लाकडं ओली होती, पेटत नव्हती. त्यानं उठून खुंटीवरची पिशवी आणली आणि हाताला येईल तो कागद बंबात घातला. काय लिहिलंय ते बघितलं नाही. बघायचं नव्हतंच त्याला. एका फाईलीला बरं निळं कव्हर होतं. चांगलं कव्हर जाळलं तर बनू ओरडली असती, म्हणून तेवढं त्यानं काढून ठेवलं.

बनूनं लेकीची फाईलही त्याच पिशवीत ठेवली असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी क्रांतीचा फोन आला. "घावली का?"

"न्हाई घावंना गं."

"न्हाई घावंना म्हंजे? नीट बघा की आप्पा. ट्रंकंत तळाला असंल."

"समदं बघितलं."

फोनवर ती म्हणाली, "आईनं ठिवली तरी कुठं? शेवटी शेवटी तिच्या ध्यानातच ऱ्हात नव्हतं, न्हाई का?"

"व्हय," जोतीराम म्हणाला.

तेवढा एकच शब्द. पण तो गेला आणि परत आणता आला नाही. बनूच्या ध्यानात सगळं राहत होतं. पडली त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं त्याला सांगितलं होतं, की रेशनचा अंगठा द्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे.

पुढच्या आठवड्यात तो रहिमतपूर स्टेशनावर रेल्वेत बसून मिरजेला गेला. निळं कव्हर घडी करून पिशवीत घेतलं होतं. डॉक्टरबाईंसमोर ते ठेवायचं आणि काय झालं ते सांगून टाकायचं, असं त्यानं कराडपर्यंत ठरवलं होतं. सांगली येईपर्यंत ते ठरवणं ढिलं पडलं.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण घाईत बोलत नव्हत्या. "काका, मी नॉर्मलला नाही म्हणत नाही. एकदा सीझर झालं म्हणजे पुढचंही सीझरच, असं काही नसतं. क्रांतीचं सगळं चांगलं आहे, बाळ डोक्याकडून आहे. पण पहिल्या वेळी मूल पोटात आडवं होतं ना?"

"व्हय. तसंच म्हणाले व्हते."

"आडवं मूल काढताना कधी कधी गर्भपिशवीवर उभा छेद घ्यावा लागतो. छेद आडवा असेल तर पिशवी बहुतेक वेळा कळा सोसते. उभा असेल तर कळांच्या जोरानं फाटू शकते. तसं झालं तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर येतं."

"पर माझ्या पोटावरची खूण आडवीच हाय," क्रांती म्हणाली.

"ती कातडीवरची. आतली तशीच असेल असं नाही."

"सोनोग्राफीत दिसत न्हाई व्हय?" जोतीरामनं विचारलं.

"खात्रीनं नाही दिसत. ते ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आणा. छेद आडवा निघाला तर मी स्वतः म्हणेन, नॉर्मलचा प्रयत्न करू."

जोतीरामचा हात पिशवीत होता. तो तसाच राहिला.

बाहेर बाकावर बसल्यावर क्रांती म्हणाली, "आप्पा, मागच्या वेळी दोन महिनं मला धड उठता आलं न्हाई. पोरगी आई माझ्याजवळ आणून द्यायची आणि आईच उचलून न्यायची. आता सासूबाईंचा खुबा मोडलाय, त्या काठी धरून चालत्यात. ह्यांला फौजेतनं वीस दिवसांची रजा. पानमळ्याचं काम हाय, शिवांजलीची शाळा हाय. कोण करणार माझं?"

"म्या हाय की."

"तुमी?" क्रांती हसली. "तुमाला च्या करता येत न्हाई."

"येतोय आता."

ती हसायची थांबली. मग खाली बघत म्हणाली, "आईनं मला शबूद दिलावता. म्हणाली व्हती, दुसऱ्या येळंला देव करील आन् तू तिसऱ्या दिवशी चालत घरला जाशील. आन् फाईल तीच हरवून बसली."

गावी परतल्यावर जोतीराम रहिमतपुरातल्या त्या दवाखान्यात गेला. दवाखाना बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. म्हातारे डॉक्टर वारले होते आणि खाली मोबाईलचं दुकान थाटलं होतं. दुकानदारानं डॉक्टरांच्या मुलाचा पुण्याचा नंबर दिला. मुलगा आदबीनं बोलला. कागद तीन वर्षं ठेवावे लागतात, तेवढे ठेवले होते. तुम्ही गेल्या गणपतीच्या आधी आला असता तर मिळाले असते, म्हणाला. गेल्या गणपतीच्या आधी फाईल घरी खुंटीवर होती.

मग त्याला अक्काताई सिस्टरची आठवण झाली. त्या दवाखान्यात ती तीस वर्षं होती, आता कोरेगावात लेकाकडं राहत होती. जोतीराम गेला तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. क्रांतीचं नाव सांगितल्यावर तिला लगेच आठवलं.

"आडवं प्वार. व्हय व्हय. आन् तुमची मंडळी पायऱ्यांवर बसून मला शिव्या घालत व्हती, आत का सोडत न्हाई म्हणून. कशी हायती?"

"भादव्यात गेली."

अक्काताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आगं आई! लय तोंडाळ बाई, पर सोन्यासारखी."

त्यानं छेदाचं विचारलं. अक्काताईनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "मी बाळ घ्यायला दुपटं धरून उभी व्हते, अण्णा. आतलं डॉक्टरांनी केलं. आडवाच असंल. बहुतेक आडवाच घ्यायचे ते. पर शपथ घालून इचारशीला तर मला न्हाई सांगता यायचं." मग तिनं विचारलं, "पर फाईल दिली व्हती की आमी तुमच्या मंडळींला. त्या तर पदराखाली धरून घिऊन गेल्या. कुठं गेली?"

"म्या जाळली," जोतीराम म्हणाला. "बंबात. न बघता."

पहिल्यांदाच ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. अक्काताई शेंगा बाजूला सारत म्हणाली, "पोरीला सांगितलं का?"

"सांगतो."

"सांगा. नायतर आत कुजंल."

डॉक्टरबाईंना त्यानं फोनवर अक्काताईचं म्हणणं कळवलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक आडवा, एवढ्यावर मी तिला कळांत ठेवू शकत नाही, काका." आणि सीझरची तारीख दिली, शुक्रवारची.

जोतीराम तीन दिवस आधीच आरगेला गेला. जावई जयराजला रजा मिळाली होती, पण त्याची गाडी अजून दिल्लीच्या अलीकडं आलेली नव्हती. आणि बुधवारी दुपारी, शिवांजलीला जेवायला वाढता वाढता, क्रांतीला कळा सुरू झाल्या.

शेजारच्यांच्या जीपमधून मिरजेला पोचायला पाऊण तास लागला. डॉक्टरबाई तयारच होत्या. तपासून त्या म्हणाल्या, "कळा जोरात आहेत. लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल."

क्रांतीनं कॉटच्या दांड्या धरल्या होत्या. "बाई, जरा थांबा की. हुतंय माझं. आपसूक हुतंय."

"होतंय, दिसतंय मला. त्याचीच भीती आहे. सही कर बाळा."

सिस्टरनं पुढं केलेला कागद तिनं घेतला, पण पेन घेतला नाही. तिनं बापाकडं बघितलं. "आप्पा, आई असती तर तिला इचारलं असतं. आता तुमी सांगा. करू का नगं?"

जोतीरामला बायकांचं काही कळत नव्हतं. बनू असती तर तो बाहेर बाकावर बसला असता आणि आत काय ते तिनं बघितलं असतं. जो कागद बोलला असता तो त्यानं पाणी तापवायला वापरला होता, आणि त्याच पाण्यानं अंघोळही केली होती. थांब म्हणायची त्याची छाती नव्हती. कर म्हणायला तोंड नव्हतं. तेवढ्यात परत कळ आली आणि क्रांती ओरडली.

"कर पोरी सही," तो म्हणाला.

सही वाकडी झाली. तिला आत नेलं.

मुलगा झाला. रडला, गोरा होता, वजन चांगलं होतं. डॉक्टरबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "दोघं छान आहेत. आणि काका, आतला छेद आडवाच होता. अगदी सुरेख भरलेला."

जोतीरामनं हात जोडले. मग तो भिंतीला टेकला आणि तिथंच खाली बसला. सिस्टर पाणी घेऊन धावली. आनंदानं झालं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीला आल्यावर डॉक्टरबाईंनी क्रांतीलाही तेच सांगितलं. जयराज आदल्या रात्री पोचला होता, तो लेकाला मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरबाई गेल्यावर क्रांती छताकडं बघत राहिली.

"म्हंजे झालं असतं," ती म्हणाली. "आज चालत घरला गेले असते." थोड्या वेळानं म्हणाली, "गेलेल्या माणसाला बोलू नये. पर आईनं एवढा एक कागद संभाळला असता तर..." आणि मग ती आईच्या नावानं रडायला लागली. टाक्यांना ताण बसायला लागला, तसं तिनं पोट दाबून धरलं. जोतीराम उठून दाराशी गेला आणि उभा राहिला.

जयराज परत बॉर्डरवर गेला. जोतीरामनं आपला ऊस भावकीवर सोपवला आणि तो आरगेतच राहिला. लेकीच्या सासरी इतके दिवस बाप राहत नाही, पण इथं दुसरं कोण होतं? तो शिवांजलीला शाळेत सोडतो, चहा करतो, बाळ उचलून क्रांतीजवळ देतो आणि पोट भरलं की परत नेतो. सकाळी बाळंतिणीचं पाणी तापवायला बंब पेटवतो, पानमळ्यातल्या शेवरीच्या काटक्या घालून. विहीणबाई काठी टेकत येऊन बसतात आणि चेष्टा करतात.

"पाव्हणं, तुमी तर सुईणच झाला की वं! पर धूरच लय करताय. चार कागुद टाका, चट पेटंल."

"कागुद नगं," जोतीराम म्हणतो आणि फुंकत बसतो.

दवाखान्यातून नवी फाईल मिळाली आहे. त्यात दोन्ही छेदांचं लिहिलेलं आहे. क्रांतीनं ती सासूबाईंकडं दिली नाही, स्वतःकडं ठेवली नाही, जोतीरामच्या हातात दिली. "तुमी ठिवा आप्पा," ती म्हणाली. "तुमच्याकडनं हरवायची न्हाई."

त्यानं ती आपल्या पिशवीत ठेवली आहे. तिच्याखाली, तळाला, घडी केलेलं निळं कव्हर आहे. बाळाचं बारसं झालं, सव्वा महिना होत आला. जुनी फाईल बनूनं हरवली नव्हती, हे क्रांतीला सांगायचं अजून राहिलं आहे.