बोट दे जरा

नातीचे पुढचे दोन दात पडले आणि मोठ्या जावयाने तिसऱ्यांदा नोकरी बदलली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात फरशीवाल्याचा फोन बादलीच्या काठावर आपटला आणि त्याच्या बायकोच्या डोक्याला ताप सुरू झाला.

फरशीवाला म्हणजे नव्या घरांच्या फरशा मशीनने घासून त्यांना चकाकी आणणारा. चाळीस वर्षं हेच काम. दगडाचा चिखल, पाणी आणि ती पांढरी पावडर यांत हात घालून घालून त्याची बोटंही फरशीसारखी गुळगुळीत झाली होती. फोन घेतला तेव्हा जावयाने त्याची दहाच्या दहा बोटं लावून पाहिली. फोनने एकही ओळखलं नाही. शेवटी सासूबाईंचं लावलं, डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ते पहिल्या फटक्यात लागलं. आकड्यांचं कुलूप होतंच, म्हणून तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पण आपटल्यावर काचेची खालची पट्टी मेली. कुलपाच्या आकड्यात दोन शून्यं, आणि शून्य नेमकं त्या पट्टीत. कुलूप काढूनच टाकावं म्हटलं, तर त्यालाही फोन आधी तोच आकडा मागायचा.

मग राहिलं काय, तर बायकोचं बोट.

आलेला फोन घेता यायचा. पण पत्ता, खोलीचं माप, फरशीचा फोटो, गिऱ्हाईक सगळं फोनवर पाठवणार. ते बघायचं तर घरी यावं लागे. भर दुपारी चौथ्या मजल्यावरचं काम टाकून तो चिखलाच्या पायांनी दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "अगं, बोट दे जरा."

ती भांडी घासत असायची. ओलं बोट चालायचं नाही. हात धुवा, पुसा, कोरडे करा, मग बोट. एकदा भाजी चिरताना नेमकं तेच बोट कापलं. तीन दिवस पट्टी होती. दुखतंय का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. "किती दिवसांत भरेल?" एवढंच विचारलं, आणि तेही चार वेळा.

"नवा घेऊन टाका," ती म्हणाली.

"घेणारच आहे. जावईबापू म्हणतात, जरा थांबा. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय. ते आलं, की आत्ताचं स्वस्त होईल."

"म्हणजे नवं आल्यावर तुम्ही जुनं घेणार?"

"तेव्हा बघू. कदाचित नवंच घेऊ."

"आणि तोवर त्याच्या पुढचं यायला निघालं असेल."

"तेच तर विचारलंय त्यांना."

तिने जावयाचं नाव थांबेराव ठेवलं. तोंडावर नाही, मनातल्या मनात. हा गृहस्थ दर रविवारी येऊन तास तास फोनबद्दल बोलायचा, आणि त्याचा स्वतःचा फोन रबर बँडने बांधलेला होता. तोही थांबला होता.

तिची खरी चीड बोटाची नव्हती. तिची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, पाच तासांच्या अंतरावर एकटी राहत होती. आईमागे हिला तिनेच वाढवलं. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, वर्ष निघेल की नाही सांगता येत नाही. हिला जाऊन तिच्याजवळ राहायचं होतं. दोन दिवसांसाठी नाही, राहायलाच. पण बॅग माळ्यावरून काढली, की फरशीवाला म्हणायचा, "फोन घेऊ दे, मग जा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

पंधरा दिवस, पंधरा दिवस करता करता जून गेला, जुलै गेला. नवं मॉडेल आलं ते इतकं मोठं निघालं, की खिशात मावेना. मग कळलं, त्याचं धाकटं भावंड येतंय. मग कळलं, सेल लागणार आहे. बॅग पलंगाखाली पडून होती आणि झाडताना रोज तिच्या पायाला लागायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आक्काचा फोन आला. दोन वाक्यांत तीनदा थांबून तिने श्वास घेतला, आणि बोलली काय, तर तुझी नात आता बोबडं बोलते का गं.

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आक्का थांबणार आहे का सेल लागेपर्यंत? विचारा जावयाला."

"तू गेलीस तर मी कामं कशी घेऊ?"

"बोट कापून डब्यात ठेवून जाते. झाकण घट्ट लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली.

पहिल्याच गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता आक्काच्या दारात फरशीवाला उभा. हातात फोन.

"या पाहुणे," आक्का पलंगावरून म्हणाली. "बायकोची आठवण आली वाटतं."

"नाही आक्का. फोन उघडायचा होता."

आक्का इतकी हसली, की तिला उशीला टेकवून पाणी द्यावं लागलं. बायकोला मात्र हसू आलं नाही. तिने हात पुसला आणि बोट दिलं. आठवडाभराचे निरोप धाडधाड आत आले. उत्तरं देता देता तो आक्काला फरशांचे फोटो दाखवू लागला.

"ही कुणाची? कोपऱ्यात डाग राहिलाय."

"डाग नाही आक्का, दगडाचाच रंग आहे."

"सगळे असंच म्हणतात," आक्का म्हणाली.

मग दर गुरुवार. आक्का बुधवारीच केस धुऊन घ्यायची. हिचा जीव मेटाकुटीला यायचा. पाच तास यायला, पाच तास जायला, आणि कशासाठी, तर काचेवर बोट टेकवायला.

"एवढ्या बसभाड्यात फोन आला असता," ती चौथ्या गुरुवारी म्हणाली.

"तू गप," आक्का म्हणाली. "पाहुणे, घेऊ नका हो एवढ्यात. थांबा. आणखी चांगला येईल."

"आता तूही थांबेराव झालीस?"

ऑक्टोबर अर्धा गेला. एका गुरुवारी तिने फोन उघडून दिला तर आत एकही निरोप नव्हता. काम बंद पडलं की काय, असं ती विचारणार, तोच फोन वाजला. तिच्या हातातला नाही. दाराशी ठेवलेली त्याची कामाची पिशवी वाजत होती.

तिघंही पिशवीकडे बघत राहिली. पिशवी वाजून वाजून थांबली.

"कधी घेतलात?" तिने विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"तो कसा उघडतो?"

"तोंड बघून."

"तुमचं?"

"हो. लगेच ओळखतो."

मे ते ऑगस्ट, पलंगाखालची ती बॅग, पायाला लागलेली तिची कड, सगळं तिच्या डोक्यात एकदम चढलं. "चार महिने मी सांगत होते तेव्हा नाही घेतलात. आणि आता घेतलात, तर हे मढं घेऊन पाच तास कशाला येता?"

तो गुळगुळीत बोटांनी जुन्या फोनची काच पुसत बसला. तेवढ्यात फोन आपोआप बंद झाला.

"अगं," आक्का म्हणाली, "बघतेस काय? बोट दे त्यांना. माझ्या फरशा बघायच्या राहिल्यात."

ती पुटपुटत उठली. हात कोरडा होता, तरी तिने टॉवेलला पुसला, आणि बोट टेकवलं.

आक्का त्याच वर्षी डिसेंबरच्या अकरा तारखेला, शुक्रवारी सकाळी वारली. आदला दिवस गुरुवार होता.