ओहोटीची मोजणी

जमीन कचेरीत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला एक सवय लागते. समोरचा रडत असला, तरी त्याची नजर फॉर्मवरच्या चौकोनांकडेच जाते. तुम्हीआम्ही सगळेच अशा नजरेपुढे कधी ना कधी ताटकळत उभे राहिलो आहोत.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचे मोजणी अधिकारी हार्सोयो काही वाईट गृहस्थ नव्हते. लाच घेत नसत, कुणावर खेकसत नसत. पण त्यांच्या फॉर्मात चौकोन तीनच होते: जमीन शाबूत, जमीन खराब, जमीन नष्ट. समुद्राखाली गेलेली जमीन नष्ट ठरे आणि तिच्याबरोबर मालकाचा हक्कही संपे. कारांगवेनिंग गावातली उरलेली घरं आता तिसऱ्या चौकोनात जायची होती. एका बंदर कंपनीला तिथे भराव घालायचा होता. जागा कागदावर समुद्र ठरली, की परवानगी विचारायची कुणाला?

सकाळच्या भरतीला हार्सोयो होडीतून गावात शिरले. गल्लीत निळसर पाणी स्वस्थ पसरलं होतं. विजेचे खांब आपल्याच सावलीवर उभे होते. कुणाच्या तरी घरातला कोंबडा पाण्याच्या वर कुठूनतरी आरवत होता. झोपेत पाहावं तसं ते सगळं होतं, आणि हार्सोयोंना उगीचच हळू बोलावंसं वाटलं.

वार्सितीचं घर पहिलं. गाव तिला बू म्हणे, म्हणजे आई. वय पन्नाशीचं, धंदा मासे धुरावण्याचा, म्हणजे धुरावर सुकवून विकण्याचा. पाणी चढेल तशी तिने चार वेळा भर घालून घरातली जमीन उंच केली होती. छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं, त्यामुळे दार जेमतेम छातीएवढं उरलं होतं. हार्सोयो ताठ मानेने आत निघाले आणि खाडकन चौकटीवर आपटले!

"लागलं का हो?" वार्सिती हसू दाबत तेलाची बाटली घेऊन आली. "आमच्याकडे येणारा प्रत्येक साहेब आधी कपाळमोक्षच करून घेतो."

"बू, वीस मिनिटांचं काम आहे. इथे सही करा."

"आज नाही. रोज्यांचा महिना तोंडावर आलाय, आज कबरींवर फुलं वाहायची. होडी एकच आहे, तुम्हीही चला. कचेरी काही पळून जात नाही!"

नाइलाजाने ते गेले. कबरस्तान म्हणजे नुसतं पाणी, मधोमध एक वाळलेला चाफा. वार्सितीने गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आणि पाण्याकडे बघून ती म्हणाली, "बापा, साहेब आलेत. तुम्ही नष्ट झालात असं लिहून न्यायचंय त्यांना."

हार्सोयो ओशाळले. "मी कायदा केला नाही, बू. समुद्राने जमीन घेतली, त्याला कोण काय करणार?"

"समुद्र काय आपल्या मनाने आला? शहरांनी खालचं पाणी उपसलं, जमीन खचली. जगभरच्या धुराने हवा तापली, पाणी चढलं. आम्ही इथे मासे तेवढे धुरावले! साहेब, तुमच्या घरी चोरी झाली तर चोराला शोधतात ना? आमच्याकडे चोरी झाली, तर मालकाचंच नाव खोडायला निघालात."

हार्सोयोंनी नजर पाण्याकडे वळवली. पाकळ्या इतका वेळ जागच्या जागी डुलत होत्या. आता त्या सगळ्या एकाच दिशेला, समुद्राकडे निघाल्या. ओहोटी लागली होती. नावाडी कादिर वल्हं आडवं टाकून आरामात पसरला. "आता निघालो तर वाटेतच होडी गाळात बसेल. परत जायचं ते उद्याच्या भरतीला."

"उद्या! अरे, आधी सांगायचं नाही का?"

"साहेबलोक नेहमी भरतीलाच येतात आणि भरतीतच परततात. नाहीतर होडी चालतच नाही. थांबलेले तुम्ही पहिलेच."

तिघांनी आपेम, म्हणजे तांदळाची धिरडी, खाल्ली. ऊन चढलं, डोळे जडावले. हार्सोयोंनी डोळे उघडले तेव्हा पाण्यातून एक दगड वर आला होता. मग दुसरा. मग ओळच्या ओळ, प्रत्येकावर नाव. पलीकडे विटांची गल्ली उघडी पडली, विहिरीचा कठडा दिसला. आणि कुंपणाशी हद्दीचा सिमेंटचा खांब, त्यावर त्यांच्याच कचेरीचा शिक्का!

हार्सोयो चपला काढून गाळात उतरले. खांबामागे वार्सितीने लावलेल्या तिवरांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या मुळांशी गाळ साचून जमीन घोटाभर उंच झाली होती. ते वाकले आणि खांबावर हात ठेवून राहिले.

"आहे की हो ही!" ते पुटपुटले. "आणि मी न बघताच हिला मारून टाकणार होतो."

"मग तसं लिहा," वार्सिती म्हणाली.

त्यांनी फॉर्मवर हाताने चौथा चौकोन काढला. शेजारी लिहिलं: 'सकाळी दिसत नाही, दुपारी दिसते. जमीन जिवंत आहे, हक्कही जिवंत समजावा. हद्दीवर तिवरं उभी आहेत, ती तोडू नयेत.' खाली ठसठशीत सही केली.

कचेरीत मोठ्या साहेबांनी फॉर्म परत फेकला. "असा चौकोन नसतो!"

"नसतो, म्हणून तर काढला," हार्सोयो म्हणाले. "आपण स्वतः या. फक्त ओहोटीपर्यंत थांबायच्या तयारीने या."

मंडळी, हवा बदलली, समुद्र बदलला. कायदा मात्र भरतीला येऊन, होडीतूनच बघून परत जात राहिला, तर सर्वांत आधी तो निरपराधाचंच नाव खोडेल. यापुढच्या कायद्याला थांबावं लागेल, पाय गाळात घालावे लागतील आणि जिथे दार लहान झालंय तिथे वाकून आत जावं लागेल.

कारांगवेनिंगचा निकाल अजून लागलेला नाही. पण पुढच्या आठवड्यात मोठे साहेब खरोखरच आले. वार्सितीच्या दाराशी हार्सोयो त्यांची बाही धरून हळूच म्हणाले, "साहेब, वाका."