सेरवड्डाची सोबत

"दार उघडू देत नाही म्हणजे? माझा बाप आहे आत!" कावूमा लुबेगाच्या अंगावर धावून गेला.

मुकोनो शहराच्या अग्निशमन दलाची गाडी नुकतीच अंगणात शिरली होती. दलाचा प्रमुख लुबेगा घरापासून लांब, वारा पाठीवर घेऊन उभा होता. एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही, असा माणूस.

म्हातारा सेरवड्डा आदल्या दिवशी गेला. जन्मभर त्याने बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवली, म्हणून गावोगावचे बोडावाले मातीला जमले. लांबून येताना त्यांच्या विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. परतीची सोय म्हणून त्यांनी त्या मधल्या खोलीत एकाच बोर्डावर चार्जिंगला लावल्या. आता त्यातली एक पेटली होती. प्रेताजवळ बसलेल्या बायका जीव मुठीत धरून पळाल्या आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत, झाडाच्या सालीच्या कापडाखाली, म्हातारा एकटा राहिला. आमच्याकडे माती होईपर्यंत मेलेल्याला एकटं सोडत नाहीत.

"आग कुठंय? नुसती वाफ आहे," कावूमा म्हणाला. दाराखालून पांढरं काहीतरी सरपटत येत होतं.

"वाफ नाही, बॅटरीतला वायू आहे. विषारी असतो. आत कोंडलाय, दार उघडलंस की भडका उडेल. आत जिवंत कुणी आहे?"

बायकांनी नकारार्थी माना हलवल्या.

"मग आत कुणीच जाणार नाही. माझी माणसंसुद्धा."

"मेल्या, तुला बाप होता की नाही रे?" कावूमाची आत्या कडाडली.

तेवढ्यात कानठळ्या बसल्या. दार चौकटीसकट अंगणात येऊन पडलं. कावूमा आपणहून मागे सरला.

लुबेगाने लांबूनच पाण्याचा मारा सुरू केला. ज्वाळा बसल्या तसे बोडावाले पुढे सरकले. "विझली, साहेब!"

"दिसते तशी. आतून तापलेलीच आहे. मागं व्हा."

बॅटऱ्या पुन्हा फुसफुसल्या, पुन्हा पेटल्या. गाडीतलं पाणी संपलं, तेव्हा बोडावाल्यांनी झऱ्यापासून पिवळ्या कॅनची रांग लावली. चूक त्यांची होती, आणि एकही जण मान वर करत नव्हता.

थोरली मुलगी नाकीबुका तेवढी भांडली नव्हती. ती जवळ येऊन म्हणाली, "साहेब, कोपऱ्यातली भिंत थंड ठेवाल? बाबा पलीकडं आहेत."

"ठेवतोय."

"माझा आवाज जाईल का तिथवर?"

लुबेगाने तिला बसायची जागा दाखवली. ती तिथूनच भिंतीला हाका मारू लागली. "बाबा, आम्ही इथंच आहोत हं! आत्या फायरवाल्यांना शिव्या देतीय. कावूमा उपाशी बसलाय, रागवा जरा त्याला. केळ्यांच्या मातोकेत मीठच नव्हतं आज, तुम्ही ताट ढकललं असतं..."

दुपार कलली. तिचा घसा पार बसला, शब्द फुटेना. बायकांनी तिला धरून पाणी प्यायला नेलं. भिंतीशी बोलायला कुणी उरलं नाही, नुसता पाण्याचा आवाज राहिला.

लुबेगाने भिंतीकडे पाहिलं. मग नळी जोडीदाराच्या हातात दिली, मागे सरला आणि तोंडावरचा मास्क वर केला.

"सेरवड्डा काका," तो मोठ्याने म्हणाला, "मी लुबेगा. फायरवाला. मुलगी पाणी प्यायला गेलीय, येतेच आता. तोवर मी आहे."